लागला की टाकला

ताडकळस, १७ जानेवारी

मनिषा लेकी,

वाचशील तिथून आशीर्वाद धर. नाही वाचलंस तरी आशीर्वाद आहेतच, त्यांना काही तिकीट लागत नाही.

डब्यात तिळगूळ आहे. परभणीच्या स्टँडवर चारठाण्याच्या गाडीचा कंडक्टर भेटला, तो तुझ्या माहेरच्याच आळीतला निघाला, त्याच्या हाती दिलाय. तीळ जरा जास्त भाजले गेले. तू असतीस तर कढईखालचा जाळ वेळेवर ओढला असतास.

फोन मी मुद्दाम लावत नाही. नवरा असून बजरंगाचा तू उचलत नाहीस, मग सासूचा काय उचलशील? आणि माझं असं की फोनवर मला ऐकू कमी येतं अन् बोललं जास्त जातं. कागदावर निदान खोडता येतं. अक्षर माझं तुला ठाऊक आहे. बजरंग पहिलीत असताना त्याच्या पाठीमागं बसून, त्याच्याच पुस्तकावर गिरवलेलं. कुठं काना इकडचा तिकडं गेला असेल तर तूच नीट करून घे.

भादव्यात पडलेल्या भिंतीला त्यानं पत्रे ठोकलेत. वारा आला की रात्रभर ताशा वाजतो. तू उंबऱ्यावर उभी राहून बोललीस ते मी विसरले नाही. "आत्या, ज्या भिंतीचा भरवसा न्हाई तिच्याखाली माझी लेक झोपणार न्हाई. भरवशाचं घर करा, मंग मला बोलवा." तू उन्हाळाभर नवऱ्याला भेग दाखवत होतीस आणि तो सिमेंट थापत होता. कार्तिकी भात खायला म्हणून चुलीपाशी आली, आणि मागं भिंत तिच्या अंथरुणावर बसली. यापुढं मी लिहीत नाही.

सांगायचं ते हे, की बजरंगानं घर बघितलंय. परभणीत, जिंतूर रोडच्या आतल्या बाजूला, त्याच्या जळालेल्या पाणमोटारींचं वायंडिंग भरायच्या दुकानापासून जवळ. मला परवा गाडीवर मागं बसवून नेलं. मालक बन्सीधरराव, साखर वाटल्यासारखं बोलणारा माणूस. त्यांच्या मालकीण बायनाबाई. ती दोघं पुण्याला लेकाकडं जायची आहेत म्हणून विकायलेत. फरशी अशी की आपलं तोंड दिसतं. सैपाकघराचा ओटा तुझ्या उंचीचा, मी उभी राहून बघितलं. आणि तुला ऐकायचंय ते ऐक, घर मुरमावर आहे! बन्सीधरराव छाती ठोकून म्हणाले, "ताई, आपलं घर मुरमावर हाय, काळ्या रानातलं न्हाई."

पाहुणचार पण चांगला केला त्यांनी. त्याविषयी नंतर कधी लिहीन.

इसार पाडव्याला द्यायचा म्हणतात. त्याच्या आधी एकदा येऊन बघ. नवऱ्याशी बोलू नको वाटलं तर, माझ्याशी बोल.

तुझी आत्या,
सगुणा


ताडकळस, ७ फेब्रुवारी

मनिषा,

डबा पोचला. झाकण उघडेपर्यंत माझा जीव टांगणीला. रिकामा आला असता तर मी समजले असते काय समजायचं ते. उघडला तर जवसाची चटणी! लेकी, तू रागावलेली आहेस पण तुझ्या हाताची रीत सुटलेली नाही. मी ती चटणी बजरंगाच्या ताटात वाढली आणि कुठून आली ते सांगितलं नाही. पहिल्या घासालाच तो थांबला. माझ्याकडं बघितलं, मग मान खाली घालून सगळी भाकरी त्या चटणीसंगंच खाल्ली.

आणि तुझी ती चिठ्ठी. एकच ओळ. "घर तपासलं का? कोणी तपासलं?"

हो, तपासलं. दोनदा तपासलं. आता कोणी, ते सांगते, हसू नको.

पहिल्यांदा तपासलं दलालानं. रंगनाथ त्याचं नाव. त्यानं आपल्यासंगं एक गॉगलवाला आणला, म्हणाला हे इंजिनेर. गॉगलवाल्यानं मोटारसायकलच्या चावीनं भिंतीला टकटक केलं, अंगणात उभं राहून फोनवर कोणाला तरी शिव्या दिल्या, अन् झालं.

रंगनाथ म्हणतो, "मावशी, घर न्हाई हो हे, किल्ला हाय किल्ला."

मी म्हणाले, "किल्ल्याला भुयार असतंय बाबा."

"तुमी लय डेंजर हाव मावशी," म्हणून तो हसला. मग कोपऱ्यावरच्या टपरीत बसून गॉगलवाल्यानं कागदावर 'उत्तम' असं लिहून खाली सही मारली. चहा मात्र त्यानं नीट तपासला. एक कप पाहून दुसरा मागवला.

दुसऱ्यांदा आला माझा भाऊ व्यंकटराव. तो सरकारात ओव्हरसियर होता हे तुला माहीत आहे. त्याला नावं ठेवायला माझी जीभ वळत नाही, तरी वळवते. त्यानं खिशातून होकायंत्र काढलं, ईशान्येला काय, आग्नेयेला काय ते बघितलं आणि म्हणाला, "अक्का, चूल बरोबर आग्नेयेला हाय. एकदम करेक्ट."

मी विचारलं, "अन् भिंतीचं कसं हाय?"

तर जवळ येऊन हळूच म्हणतो, "बजरंगानं एवढं मनावर घेतलंय. आता खोड काढून पोराचं मन मोडायचं का? वाईट म्या कामून व्हावं?"

म्हणजे बघ. एकाला घर विकायचं होतं म्हणून चांगलं दिसलं, अन् एकाला भाचा दुखवायचा नव्हता म्हणून चांगलं दिसलं.

इथपर्यंत लिहून मी थांबले होते. पत्र घडी घालून ठेवलं होतं. पण दोन दिवस ते उशाखालून मला टोचायलंय, म्हणून राहिलेलं लिहिते. तिसरी बघणारी मी, आणि मलाही सगळं चांगलंच दिसलं. का, ते सांगते.

मागच्या पत्रात पाहुणचाराचं मी गिळून टाकलं. संक्रांतीचे दिवस होते. बायनाबाईंच्या घरी वाणाचं ताट भरलेलं, चार सवाष्णी बसलेल्या. मी सवयीनं दाराआडच्या खुर्चीवर बसले. आपण कुठं बसायचं ते आपल्याला कळतं. सगळ्या गेल्यावर बायनाबाई माझ्यापुढं आल्या. ऊस, बोरं, हरभऱ्याचे घाटे, खण, नारळ.

मी म्हणाले, "अहो, मला चालत न्हाई हे."

तर म्हणाल्या, "कुंकवाचं तुमच्या मनावर. पण वटी म्या भरणार. घर बघाया आलेली बाई मोकळ्या पदरानं जाऊ ने."

मनिषा, तुझे सासरे गेल्यापासून माझ्या पदराला असं वजन लागलं नव्हतं. मी ते ओझं दोन्ही हातांनी धरून सगळं घर परत एकदा हिंडले, आणि मला एकही खोट दिसली नाही. कोपऱ्याच्या खोलीचं दार खालून रंधा मारून कमी केलेलं होतं. पहिल्या फेरीत ते मी बघितलं होतं. दुसऱ्या फेरीत त्यावरून माझी नजर तेलावरून घसरावी तशी घसरली. त्या बाईनं वटी भरलेली, मग तिच्या घराला तपासणारा कोणत्या तोंडानं नेऊ? माहेराची झडती घेतल्यासारखं होईल ते.

हे तुला सांगायचं नव्हतं. सांगितलं. आता तूच बोल.

डब्यात हुरडा आहे. कार्तिकीला गूळ घालून दे.

तुझी आत्या


ताडकळस, २ मार्च

लेकी मनिषा,

तुझी दुसरी चिठ्ठी मी पाठ केली. "विकणाऱ्याचा नको, दलालाचा नको, आपला पाव्हणा नको. खरं बोलून ज्याचं काही बुडत नाही असा माणूस बघा." आणि खाली बारीक अक्षरात, "कार्तिकी तुमची आठवण काढते." खालची ओळ मी जास्त वेळा वाचली, लपवत नाही.

वटीबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस. बरं केलंस. लिहिलं असतंस तर मी रडले असते.

बजरंगाला चिठ्ठी दाखवली. तो चिडलाच. "लोकं हसतील आई! घर काय जळालेली मोटार हाय का, उघडून बघाया?"

मी म्हणाले, "गिऱ्हाईक मोटार घेऊन आलं तर तू न उघडता सांगतूस का, काय झालंय ते?"

"न्हाई."

"कामून?"

"वरून सगळ्याच मोटारी सारख्या दिसतेत."

एवढं बोलला आणि त्याचं त्यालाच कळलं. पाणी पिऊन बाहेर गेला. परत येऊन म्हणाला, "बरं. पण असा माणूस आणायचा कुठून? पाटी तर सगळेच लावतेत."

मी रात्री त्यावर विचार केला. बैल घेताना तुझे सासरे विकणाऱ्याला काही विचारायचे नाहीत, त्याच्या गावातल्या न्हाव्याला विचारायचे. मग मी बजरंगासंगं परभणीला गेले आणि सिमेंट-लोखंडाच्या दुकानांत फिरले. एका दुकानदाराला सरळ विचारलं, "दादा, घर तपासणारं असं कोण हाय, ज्याचं नाव काढलं की बांधकामाचे ठेके घेणारे गुत्तेदार तोंड वाकडं करतेत?"

दुकानदार हसून म्हणाला, "राजेश्री मॅडम. मावशी, त्यांचं नाव इथं मोठ्यानं घेऊ नका, माझं गिऱ्हाईक जाईल."

दुसऱ्या दुकानात विचारलं. तिथं एक गुत्तेदारच बसलेला. त्यालाच विचारलं. तो म्हणाला, "हाय एक बाई. पायाखालचं उकरत बसते. तिला न्याल तर घर घेणं होणार न्हाई तुमचं." पुढच्या ठिकाणीही तेच नाव. बजरंग म्हणाला, "आई, सगळे वाईटच बोलायलेत की." मी म्हणाले, "गुत्तेदार वाईट बोलतेत. घरात राहणारं कोणी बोललं का?"

तरी मी तेवढ्यावर राहिले नाही. आधी तिला भेटलो, मग तिनं तपासलेल्या एका घरी गेलो, पत्ता तिनंच दिला. तिथली बाई म्हणाली, "आमी घर घेतलं, पण त्यांनी सांगितलेली दोन कामं मालकाकडून करून घेतल्यावर." मग माझं समाधान झालं.

राजेश्री तुझ्याच वयाची आहे. दवाखान्यातल्या नर्ससारखं शिस्तीत बोलते. म्हणाली, "माझी फी आधी. घर घेतलं तरी तीच, सोडलं तरी तीच. दुरुस्ती मी करत नाही, आणि करणाऱ्याचं नावही सांगत नाही." बजरंगाला वाटलं बाई तोऱ्यात आहे. मला वाटलं, हिचं काही बुडत नाही. तुझ्या चिठ्ठीतलं माणूस हेच.

पाडव्याच्या आधी तपासायचं ठरलंय. बन्सीधररावांना बजरंगानं फोन केला तेव्हा मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसले.

आत्या


ताडकळस, १६ मार्च

मनिषा,

काल झालं ते सगळं लिहिते, सावकाश वाच.

मी घरून पाण्याची बाटली नेली होती. त्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही असं ठरवून गेले होते, म्हणजे डोळ्यांवर परत पडदा नको. बायनाबाई तांब्या घेऊन आल्या, मी बाटली दाखवली. त्यांचा चेहरा उतरला. "आमच्या घरचं पाणी तोडलं का ताई?" म्हणाल्या. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

राजेश्रीनं मात्र कोणाच्या चेहऱ्याकडं बघितलं नाही. कपाट सरकवलं. दारं उघडून बघितली, झाकून बघितली. कोपऱ्याच्या खोलीत ओळंबा सोडला. गच्चीवर पाणी साठवून ठेवलं आणि खाली येऊन छत बघत उभी राहिली. खिडकीच्या कोपऱ्याला नवी पुट्टी होती, ती नखानं टोकरली, तर आत तिरकी भेग. आपल्या घरी होती तशीच, मनिषा. तू बोटानं दाखवायचीस तशी तिरकी. बजरंगानं ती बघितली आणि भिंतीला हात लावून उभा राहिला.

मग बाहेर येऊन तिनं बन्सीधररावांना विचारलं, "काका, पाया घेताना मुरूम लागला होता की टाकला?"

"मुरूम हाय म्हणलं की."

"हाय ते मला दिसतंय. लागला की टाकला?"

"आता ते गुत्तेदारानं... आमी तवा गावाकडं..."

बघ लेकी, एवढासा शब्दाचा फेर. आपण पण 'मुरमावर घर' ऐकून हुरळून गेलो. काळी माती संपून खाली मुरूम लागेपर्यंत खणलं तर घर मुरमावर. आणि काळ्या मातीवरच ट्रॅक्टरनं मुरूम आणून पसरला, तर घर मुरमावर आणि मुरूम काळ्या मातीवर! राजेश्री म्हणाली, काळी माती पावसात फुगते, उन्हात आटते, तिच्यावर काहीही टाका, ते तिच्यासंगं वरखाली होणारच. अगं, चैतात आपल्या रानात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या आपण जन्मभर बघितल्या, पण ही माती घराखाली गेली की शहाणी होते असं धरून चाललो.

बन्सीधरराव घाम पुसायलेत. आणि बायनाबाई पायरीवरून उठल्या.

"टाकला," त्या म्हणाल्या.

"तू गप बस की," बन्सीधरराव.

"ट्रॅक्टरनं आणून टाकला. शेजारणीच्या वट्यावर बसून आपण दोघंबी बघत व्हतो. दरसाल उन्हाळ्यात त्या कोपऱ्याचं दार अडकतंय, दरसाल तुमी त्याला रंधा मारून घेता."

"घर विकायचं हाय का न्हाई आपल्याला?"

"विकायचं हाय. पण हिची वटी म्या भरली. वटी भरली म्हंजे ती माझी भन झाली का न्हाई? भनीला हलती भिंत देऊ? तिच्या वटीतला नारळ उद्या माझ्याच डोक्यात फुटंल."

मी उठले, त्यांच्या हातातला तांब्या घेतला आणि घटाघटा प्यायले. दुसरं काय करणार?

राजेश्रीनं पायाच्या बाजूला खड्डा घ्यायला लावला. कुदळ बजरंगानंच धरली. वरचा मुरूम संपला आणि खाली काळीभोर माती निघाली. ती मुठीत घेऊन तो खड्ड्यात तसाच बसून राहिला. राजेश्रीनं सांगितलं की घर काही उद्या पडत नाही, पण कोपऱ्याची खोली अशीच हलत राहणार. तिचा पाया नव्यानं खोल घ्यावा लागेल, गच्चीचं पाणी भिंतीपासून लांब काढावं लागेल. एवढं काम मोठं आहे ते जाणूनच घ्यायचं तर घ्या, नाहीतर सोडा. आणि त्या दोघांना पण म्हणाली, "तोवर त्या खोलीत कोणी झोपू नका." सगळं कागदावर लिहून दिलं, फोटोसुद्धा लावून.

घर सोडलं. बन्सीधरराव निरोप द्यायला बाहेर आले नाहीत.

येताना ताडकळसच्या फाट्यावर बजरंगानं गाडी थांबवली. उगाच. इंजिन बंद करून समोर बघत म्हणाला, "आई, तिनं तवा भेग दाखवली व्हती. म्या सिमेंट लावलं. भेग न्हाई बुजवली, तिचं तोंड बुजवलं."

मी म्हणाले, "हे मला सांगून काय उपेग? माझ्या कानाला आधीच कमी ऐकू येतंय. ज्यांना नीट ऐकू येतं त्यांना सांग."

फोन उचल असं मी म्हणत नाही, लेकी. वाजला तर बघ, एवढंच.

आत्या


ताडकळस, १२ एप्रिल

मनिषा,

पाडवा आपला पत्र्याच्या भिंतीतच झाला. पण गुढी उंच बांधली.

आधी बायनाबाईंचं. त्यांचा फोन आला होता. बन्सीधरराव आठ-दहा दिवस बायकोशी बोलले नाहीत, मग एक दिवस आपणहून कोपऱ्याच्या खोलीतलं सामान बाहेर काढलं. आता तिचा पाया खोल घ्यायला लावलाय, मुरूम लागेपर्यंत, स्वतः खुर्ची टाकून बसतात. बायनाबाई म्हणाल्या, "पुण्याचं तूर्त ऱ्हायलं. मला तर तिथं जायचंच नव्हतं ताई, लिफ्टमध्ये मला गरगरतंय." मग हसल्या. मी पण हसले.

आता आपलं. बजरंगानं परभणीतच पिठाच्या गिरणीमागं एक घर बघितलंय. ऐक, आधीच सांगते, फरशीत तोंड दिसत नाही. शहाबादी फरशी, दोन खोल्या, सैपाकघर, पुढं पत्र्याची पडवी. बाहेरचा रंग उडालेला. घराचा मालक गिरणीवाला गोपाळ, केसांपासून भुवयांपर्यंत पिठानं पांढरा. बजरंगानं गाडीवरून उतरायच्या आतच विचारलं, "मुरूम लागला व्हता की टाकला?"

गोपाळ खो खो हसला. "टाकाया आमच्या बापाकडं ट्रॅक्टर कुठं व्हता? लागेस्तवर खणलं. कुदळी मोडल्या, मिस्तरी शिव्या देऊन गेला, तरी बाप म्हणला खणा."

बोलणं गोड लागलं, पण या वेळी कानावर भागवलं नाही. राजेश्रीला बोलावलं. माझ्या पदरात कोणी काही घातलेलं नव्हतं, आणि गोपाळनं पाणी विचारलं ते मी बेलाशक प्यायले, कारण आता मला कळलं होतं की पाणी प्यायचं आणि खड्डाही घ्यायचा. दोन्ही जमतं.

खड्डा बजरंगानंच घेतला. काळी माती, काळी माती, काळी माती. पाया मात्र तिच्यासंगं खाली खालीच चाललेला. आणि मग कुदळ खणकन वाजली. तो आवाज तुला ऐकवायला हवा होता.

राजेश्रीनं खोडी काढल्याच. गच्ची एका बाजूनं गळते. न्हाणीचा उतार उलटा, पाणी दाराकडं येतं. वायरी जुन्या, अर्थिंगचा पत्ता नाही. व्यंकटराव पण आला होता, तो कुजबुजला, "अक्का, लय खोडी निघाल्या की." मी म्हणाले, "निघणारच. खोड नसलेला नवरदेव अन् खोड नसलेलं घर कोणी दाखवलं तर आधी दाखवणाऱ्याला तपासावं." वायरीचं बजरंग स्वतः करणार, ते तर त्याच्या हातातलं काम. गच्ची आणि न्हाणी गोपाळ करून देतो म्हणाला.

एकच गोष्ट राहिलीय. खिडकीच्या वर केसासारखी बारीक रेघ आहे. राजेश्रीच्या मतानं ती नुसत्या गिलाव्याची असावी, भिंतीची नसावी. पण 'असावी'वर तिनं सही केली नाही. रेघेवर आडवी काचेची पट्टी चिकटवली. भिंत हलली तर काच तडकणार. म्हणाली, "माती आटायचा हा उन्हाळा निघू द्या, मग इसार द्या." गोपाळला विचारलं, थांबशील का? तो म्हणाला, "मला कुठं जायचंय? गिरणी सोडतीय का मला?"

काचेवर तारीख बजरंगानं लिहिली. तुझ्यासारखं वळणदार अक्षर काढायला गेला, आलं नाही.

आत्या


ताडकळस, ३० मे

मनिषा,

ऊन असं तापलंय की विहिरीतली सावलीसुद्धा आटली. आपल्या मागच्या रानात भेगा पडल्यात, त्यात शेजारची कोंबडी अडकली होती. इकडं माती अशी तडकायलीय आणि मी देवाला एकच मागायलेय, ती काच नको तडकू दे.

बजरंग दर रविवारी जाऊन बघायचा. नंतर नंतर दुकान बंद केलं की रोजच. गोपाळ त्याला चिडवायचा, "बजरंगराव, काचंला दूध पाजायला आलाव का?" काच अजून अखंड आहे. काल राजेश्री येऊन बघून गेली. आता तिनं सही केली. रेघ गिलाव्याचीच. तिची ती सही बघून मला कळलं की ही बाई सही करताना का एवढा वेळ लावते. गच्चीवर पण पाणी साठवून परत बघितलं, थेंब गळाला नाही. न्हाणीतलं पाणी आता मोरीकडं जातं, निमूटपणे.

आणखी एक सांगते आणि विषय बदलते. परवा बजरंग त्या गच्चीवर उभा राहून लय वेळ फोनवर बोलत होता. कोणाशी, ते मी विचारलं नाही. खाली आला तेव्हा डोळे लाल. म्हणाला, "गिरणीचं पीठ गेलं डोळ्यात." मी म्हणाले, "हो, वारा तिकडूनच हाय." वारा मुळीच नव्हता, मनिषा. पान हलत नव्हतं.

त्यानं तुला काय सांगितलं आणि तू काय म्हणालीस, ते तुमचं तुमच्यापाशी. मला एवढं दिसतं की काल त्यानं त्या घराच्या पडवीत झोक्यासाठी कडी बसवली, आणि बसवल्यावर स्वतः लोंबकळून बघितलं. मग राजेश्रीला विचारतो, "मॅडम, एवढं वजन चालंल ना?" ती म्हणाली, "चार वर्षांच्या पोरीला? चालेल हो."

आम्ही इसार दिलेला नाही. गोपाळला स्पष्ट सांगितलंय की राजेश्रीनं तपासलं, बजरंगानं तपासलं, मी तपासलं, पण जिनं आधी भेग बघितली होती तिनं अजून बघितलेलं नाही. तिचा हात त्या भिंतीवर पडल्याशिवाय कागद होणार नाही. तू बघ. मनाला पटलं नाही तर सोडून देऊ, दुसरं शोधू. परभणीत घरांना काय तोटा, आणि गुत्तेदार ज्यांच्यावर चिडतात असं माणूस आता आपल्या ओळखीचं आहे.

डबा नेहमीच्याच कंडक्टरच्या हाती दिलाय. हातात घेशील तर जड लागेल. शेवया नाहीत, कुरडया नाहीत. झाकण उघडून कार्तिकीच्या तोंडात काही घालू नको बरं. आत मुरूम आहे. गिरणीमागच्या खड्ड्याच्या तळातून बजरंगानं कुदळीनं काढलेला, मूठभर. टाकलेला नाही, लागलेला. बोटांत घेऊन चुरून बघ, तुझ्या वडिलांना दाखव, शेजारच्यांना दाखव.

आणि डबा रिकामा परत करायचा नसतो, हे तुला मी काय सांगावं. पण या खेपेला त्यात काही घालत बसू नको, कंडक्टरच्या हातीही देऊ नको. लेकीला कडेवर घे, डबा हातात घे आणि तूच घेऊन ये. त्या घरी गेलीस की पहिली वटी तुझी मी भरणार आहे. माझ्या हातानं भरलेली चालते की नाही, ते लोकांना विचारायला मी आता जात नाही.

वाट बघणारी,
तुझी आत्या